दुसऱ्या घड्याळाची नेमणूक

सबस्टेशनमधली घड्याळं जुळवणं हे माझं काम, असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कंट्रोल रूमच्या भिंतीवरचं घड्याळ येतं. माझ्या घड्याळांना काटे नसतात. यार्डात सीटीजवळ (करंट ट्रान्सफॉर्मरजवळ) बसवलेलं मर्जिंग युनिट सेकंदाला ४००० वेळा प्रवाह मोजतं, प्रत्येक नमुन्यावर क्रमांक टाकतं आणि तो फायबरवरून धाडतं. डिफरेन्शियल रिले ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे नमुने ताडून बघतो: आत गेलं तेवढं बाहेर आलं का? नसेल तर ट्रिप. दोन युनिटांच्या वेळेत एका मिलिसेकंदाचा फरक पडला, तर ५० हर्ट्झला तो १८ अंश होतो आणि भार प्रवाहाच्या जवळपास ३१ टक्के इतका खोटा फरक रिलेला दिसू लागतो. ट्रान्सफॉर्मर मात्र ठणठणीत असतो. म्हणून इथे हिशेब एका मायक्रोसेकंदाचा.

हे जुळवून आणणारी पद्धत म्हणजे पीटीपी, आयईईई १५८८. पहिली आवृत्ती २००२ ची. साइटवर बहुतेक भेटते ती २००८ ची. मास्टर आपली वेळ नेटवर्कवरून पाठवतो, आणि निरोपाला वाटेत किती वेळ लागला ते जाण्यायेण्याचा वेळ मोजून, त्याचं निम्मं करून काढलं जातं. या निम्म्यातच गोम आहे. जाणारा आणि येणारा रस्ता सारखाच लांब आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. दोन धागे वेगवेगळ्या केबलमधून नेले आणि लांबीत २०० मीटरचा फरक पडला, की अर्धा मायक्रोसेकंद तिथेच खर्ची पडतो. तो कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. त्यासाठी ट्रेंचमधून केबलच्या मागे चालत जावं लागतं.

पण जास्त घोटाळा होतो तो मास्टर नेमताना. पीटीपीत मास्टर आपण ठरवत नाही, घड्याळं आपसांत निवडतात. तुलनेचा क्रम पक्का आहे: आधी प्रायॉरिटी १, मग क्लॉक क्लास, मग अचूकता, स्थिरता, प्रायॉरिटी २ आणि शेवटी ओळख क्रमांक. लहान आकडा जिंकतो. कॉन्फिगरेशनचं पान उघडलं की माणसाचा हात आपोआप मुख्य जीपीएस क्लॉकच्या प्रायॉरिटी १ मध्ये १ आणि राखीव क्लॉकला २ टाकतो. दिसायला शिस्तशीर. मग एखाद्या पावसाळ्यात मुख्य घड्याळाच्या अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं. उपग्रह सुटला, ते घड्याळ प्रामाणिकपणे आपला क्लास ६ वरून ७ करतं, पुढे आणखी खाली उतरतं. पण क्लासपर्यंत कुणी पोहोचतच नाही, कारण निकाल प्रायॉरिटी १ वरच लागलेला असतो. शेजारचं राखीव घड्याळ उपग्रह धरून गप्प बसून राहतं. मुख्य घड्याळातल्या स्फटिकाच्या कंपनात अब्जांशाची जरी चूक असली, तरी तासाभरात वेळ ३.६ मायक्रोसेकंदांनी सरकते.

माझा शिरस्ता असा: दोन्ही जीपीएस क्लॉकना प्रायॉरिटी १ समान, १२८ च राहू द्यायची, फरक करायचा तो प्रायॉरिटी २ मध्ये. म्हणजे दोघांची तब्येत सारखी असेल तेव्हाच मुख्य-राखीव हा भेद लागू होतो. प्रायॉरिटी १ कुणाला वर चढवायला वापरू नये, खाली ठेवायला वापरावी: मास्टरकडून वेळ घेऊन पुढे देणाऱ्या, म्हणजे बाउंडरी क्लॉक म्हणून चालणाऱ्या स्विचना २५५ पर्यंतचा मोठा आकडा द्यावा. मर्जिंग युनिट आणि रिले यांना सरळ ‘फक्त स्लेव्ह’ करून टाकावं, त्यांना उमेदवारीच नको.

दोन्ही अँटेना गेल्या तर? तर आवाराच्या आत फारसं बिघडत नाही. १९५५ पर्यंत मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ टिकून होती. ती पाळणाऱ्या दोघांचं आपसांत काही अडत नव्हतं. तसंच सगळी युनिटं एकाच भरकटणाऱ्या मास्टरच्या मागे असतील, तर ती एकमेकांशी जुळलेलीच राहतात. नमुन्यांसोबत जाणाऱ्या खुणेत मग २ ऐवजी १ येतो: वेळ जागतिक नाही, स्थानिक आहे. पंचाईत होते ती दूरच्या सबस्टेशनांशी तुलना करताना. फेझर मोजणाऱ्या पीएमयूला ५० हर्ट्झवर एक टक्का चुकीची मुभा म्हणजे केवळ ३२ मायक्रोसेकंद.

आणखी एक खोड. पीटीपी सहसा अणुवेळेवर चालतं, आणि ती २०१७ पासून यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. दोन क्लॉक दोन कंपन्यांचे असले आणि एकाने हा फरक नीट कळवला नाही, तर अदलाबदलीच्या क्षणी घटनांच्या नोंदी ३७ सेकंदांनी उडी मारतात. मग ट्रिप आधी की बिघाड आधी, यावर बैठका रंगतात.

म्हणून कमिशनिंगच्या दिवशी मी आधी अँटेनाची वायर काढतो आणि राखीव घड्याळ सूत्रं घेतं का बघतो, मग मुख्य घड्याळाची वीजच काढतो. एवढं झालं की लोक चहाला निघतात. खरी बारकाईने बघायची वेळ त्यानंतरची असते: मुख्य घड्याळ परत येऊन सूत्रं हाती घेतं तेव्हा स्लेव्हची वेळ झटक्याने सरकते की हळूहळू, आणि त्या तेवढ्या काळात रिले गप्प राहतो का.