न पाहिलेली मॅच

रग्बीवरच्या माझ्या आवडत्या सिनेमातल्या नायकांना रग्बीचा सामना काही बघायला मिळत नाही. 'अ रन फॉर युअर मनी', ईलिंग स्टुडिओचा, 1949 चा. वेल्समधले दोन खाणकामगार भाऊ भरपूर कोळसा काढतात म्हणून त्यांना बक्षीस मिळतं: रोख रक्कम आणि ट्विकनमच्या इंग्लंड-वेल्स सामन्याची तिकिटं. लंडनला पोचताच चुकामूक. एकाला गोडबोली ठग बाई गाठते, दुसऱ्याला हार्प वाजवणारा, पिणारा एक गाववाला. वर्तमानपत्राने त्यांच्या दिमतीला धाडलेला बागकामाचा लेखक म्हणजे अ‍ॅलेक गिनेस. दिवसभर त्याची नुसती फरफट.

लंडनच्या मामाने टीव्हीवरून टेप करून घाटकोपरला आणलेली ती कॅसेट. तिकडच्या टीव्हीचीही पद्धत 'पाल'च, म्हणून आमच्या भाड्याच्या व्हीसीआरवर चालली. वेल्श धाटणीचं इंग्रजी कोणालाच कळेना. मालवणहून मुंबईला आलेल्या आमच्या अण्णांचं त्यावाचून काही अडलं नाही. गाववाला भेटला की कामं बोंबलतात, हे त्यांना पाठ होतं.

खरी रग्बी मी कॉलेजात असताना पाहिली, फॅशन स्ट्रीटवर शर्ट घ्यायला गेलो तेव्हा. पलीकडे बॉम्बे जिमखान्याच्या मैदानात, भर पावसात, चिखलाने माखलेले गडी. हा क्लब 1875 चा. साहेबाच्या काळात भारतीयांना सभासदत्व नव्हतं, तरी 1933 साली देशातली पहिली क्रिकेट कसोटी इथेच झाली. अभिनेता राहुल बोसही रग्बीतलाच. 1998 पासून भारताकडून खेळला. अण्णांना एकदा मुद्दाम नेलं. ते जुने कबड्डीवाले. पकडी आवडल्या, पण चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा, हा नियम त्यांना अजिबात पटला नाही. वडापाव मात्र छान होता म्हणाले.

परवा धीम्या लोकलमध्ये, घाटकोपर ते सीएसएमटी, मोबाइलवर सिनेमा पुन्हा बघायला घेतला. गिनेसला आजही तोड नाही. पण या वेळी बक्षीस खुपलं. युद्धानंतर कोळशासाठी कासावीस झालेला देश, 1947 मध्ये सरकारी झालेल्या खाणी, आणि जास्त राबणाऱ्याला एक दिवसाची मुंबई, म्हणजे लंडन. वेल्श माणसांची थट्टाही जरा वरूनच केलेली वाटली. भोळे, गाणारे, हमखास फसणारे.

मराठी नाटकातही मालवणी बोलणारा गडी असाच विनोदाला ठेवलेला असायचा, तेव्हा शिवाजी मंदिरात अण्णा सगळ्यांत मोठ्याने हसायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा.