मुख्य श्रोत्याची जागा

'रिसीव्हर' हा शब्द आमच्या पिढीला प्रथम भेटला तो टेलिफोनच्या संदर्भात. मराठी कथा-कादंबऱ्यांतली माणसे रिसीव्हर खाली ठेवत आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसत. पुढे बंद पडलेल्या कारखान्यांच्या बातम्यांतून 'कोर्ट रिसीव्हर' माहीत झाला. आता तिसरा रिसीव्हर नाचणगावातल्या आमच्या घरी आला आहे. काळी, जड, मागच्या बाजूला वीसेक छिद्रे असलेली ही होम थिएटरची पेटी. तिला हे नाव मिळाले ते रेडिओमुळे. लहरी पकडणारा ट्यूनर आणि आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असले की तिला रिसीव्हर म्हणत. आमच्या पेटीत एफ. एम. आहे, पण मध्यम लहरी नाहीत. ज्या मध्यम लहरींवर लहानपणी आम्ही आकाशवाणीचे नागपूर केंद्र ऐकत असू, त्या या 'ग्राहका'ला ग्रहणच करता येत नाहीत. पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांची देवनागरी नावेही त्याच्या पुढच्या पट्टीवर येत नाहीत. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही सलामी बोलकी वाटली.

अर्थात या तक्रारी किरकोळ आहेत. यंत्राचे खरे काम वेगळे आहे. चित्रपटाचा ध्वनी आज अनेक वाहिन्यांत विभागून येतो. 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे पुढे तीन स्पीकर, मागे किंवा बाजूला दोन, आणि 'पॉइंट वन' म्हणजे साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या खोल, घुमणाऱ्या आवाजांची अर्धीमुर्धी वाहिनी. २०१२ पासून चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी ॲटमॉसने त्यात डोक्यावरच्या आवाजाची भर घातली. हे सारे उलगडून ज्याचा त्याला वाटून देणे, हे रिसीव्हरचे काम. टीव्हीकडून ध्वनी उलट्या वाटेने रिसीव्हरकडे आणणारी एचडीएमआयची सोयही त्यात असते. एका तारेने काम भागते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन रिमोट सांभाळावे लागत नाहीत.

या यंत्राचे सर्वांत विलक्षण अंग म्हणजे ते खोली मोजते. सोबत एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने चढत जाणारा सूंकार निघतो आणि यंत्र तो परत ऐकते. ध्वनी एका मिलिसेकंदात फुटाहून किंचित अधिक अंतर कापतो. पुढचा स्पीकर नऊ फुटांवर आणि मागचा चार फुटांवर असेल, तर मागचा आवाज साडेचार मिलिसेकंद आधी कानावर येणार. यंत्र मागच्याला तेवढे थांबवून धरते. कुठल्या कोपऱ्यात कुठला सूर फुगतो, हे ओळखून तो खाली ओढते. सात फुटांवरचा सबवूफर आमच्या यंत्राने अकरा फुटांवर दाखवला. मात्र ती त्याची चूक नव्हे. सबवूफरच्या आतल्या गाळणीत आवाजाला जो विलंब होतो, तो यंत्राने अंतरात मोजला होता. हे कळले तेव्हा त्याच्याविषयी आदर वाटला.

पण ही मोजणी शांतता मागते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात शांतता फार महाग असते. मार्चअखेरीस खिडकीत कूलर बसतो तो मृग लागेपर्यंत उतरत नाही. कूलर चालू असताना मोजणी सुरू केली की 'खोलीत गोंगाट फार' असा इशारा पडद्यावर येतो. कूलर बंद करून मोजले, तर ती मोजणी अशा खोलीची होते जिच्यात मे महिन्यात कुणी बसू शकत नाही. दुसरीकडे माहितीपुस्तिका सांगते की यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावे. बाहेर ४५ अंश असताना यंत्राला थंड ठेवायला कूलर हवा, आणि ऐकायला तो नको. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' (२०२०) या चित्रपटात तंबोऱ्याचे जे दीर्घ गुंजन आहे, ते आमच्या घरी खऱ्या अर्थाने पोहोचले ते पावसाळ्यात, कूलर उतरल्यावर. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल संथपणे जात असते आणि ध्वनिफितीवरून माईंचा, म्हणजे सुमित्रा भावे यांचा, आवाज येत राहतो. चांगला रिसीव्हर काय करतो, हे त्या दृश्यात कळते. तो आवाज मोठा करत नाही. आवाजाभोवतीची जागा मोकळी करतो.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण ग्राहक तिथेच अधिक फसतो. 'प्रत्येक वाहिनीला १५० वॉट' असे मोठ्या अक्षरांत असते. बारीक अक्षरांत मात्र लिहिलेले असते की हा आकडा एकच वाहिनी चालू असताना, एकाच सुरावर आणि दहा टक्के विरूपण चालवून घेऊन काढला आहे. पाचही वाहिन्या एकदम राबू लागल्या की तो बराच खाली येतो. शिवाय वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. वाढ होते ती तीन डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दसपट शक्ती लागते. बारा बाय पंधराच्या खोलीत खरे तर मोजक्याच वॉटवर बहुतेक सारे ऐकणे उरकते.

हे यंत्र आम्ही घेतले ते मात्र वॉटसाठी नव्हे, बाबांसाठी. बाबांची उमेद कापडगिरणीच्या साचेखात्यात गेली. शेकडो साच्यांच्या खडखडाटात तीन दशके उभे राहिलेल्या माणसाचे कान कसे होतात, हे वेगळे सांगायला नको. टीव्हीचा आवाज घरभर घुमत असतानाही ते म्हणत, "आवाज तं येते, पन बोलनं समजत नाही." या एका वाक्यात ध्वनिशास्त्राचा एक धडा आहे. गोंगाटाने येणारे बहिरेपण बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. भाषेतल्या स्वरांचे बळ त्याहून बरेच खाली असते, म्हणून स्वर ऐकू येतात. पण स, श, त, थ, फ या अघोष व्यंजनांची सळसळ वरच्या पट्टीत असते आणि ती गळून पडते. 'सात', 'हात', 'पात' या तिन्हींतून बाबांच्या कानी एकच 'आत' उरते. भाषाविज्ञानाच्या तासाला स्वनिम शिकवताना फळ्यावर मी अशाच शब्दजोड्या लिहितो. व्यंजन बदलले की अर्थ बदलतो, एवढे वाक्य सांगून पुढे जायचे असते. घरी त्याच वाक्यावर रोजचे संभाषण अडते. त्यातच अशा कानांना हळू ऐकू येत नाही आणि फार मोठे सहन होत नाही. म्हणजे नुसता आवाज वाढवणे हा उपायच नव्हे.

इथे रिसीव्हर उपयोगी पडतो. पाच वाहिन्यांच्या चित्रपटात संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरमध्ये असतात. बाकीचे होते तिथे ठेवून तेवढाच स्पीकर तीन-चार डेसिबलने उचलता येतो, आणि त्याच्या वरच्या पट्टीला थोडी धार देता येते. पार्श्वसंगीताच्या चिखलातून शब्द वर येतात. एक जुना चित्रपट पाहताना एका विनोदाला बाबा आमच्याबरोबर हसले. आमच्यानंतर नव्हे, आमच्याबरोबर. आजवर त्यांचे हसू कुणीतरी त्यांच्या कानाशी विनोद पुन्हा सांगितल्यावर येत असे.

मर्यादा याच्या पुढे सुरू होतात. मालिका, जुनी नाटके, यूट्यूबवरची कीर्तने हे सारे बहुधा दोनच वाहिन्यांत असते. तिथे संवाद आणि संगीत आधीच एकमेकांत कालवलेले असतात. यंत्र त्यातून मधली वाहिनी अंदाजाने वेगळी काढते, पण शब्दांबरोबर तबलाही उचलला जातो. गंमत अशी की सर्वांत जुने चित्रपट याला अपवाद ठरतात. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) एकाच वाहिनीचा आहे. दोन्ही बाजूंना तंतोतंत तोच ध्वनी मिळाला की यंत्र तो सारा मधल्या स्पीकरकडे वळवते आणि उरलेले चार गप्प बसतात. विष्णुपंत पागनीसांचा आवाज एकाच ठिकाणाहून, मागे वाद्यांचा डोंगर न घेता येतो. एवढ्या सरंजामातून बाबांना सर्वांत सुखाचे झाले ते हे एकाच स्पीकरचे ऐकणे.

दुसरी मर्यादा मला अधिक टोचते. बाबांना हेडफोन लावून द्यावा म्हटले, तर बहुतेक रिसीव्हरांप्रमाणे आमच्याही रिसीव्हरमध्ये हेडफोन जोडताच बाकीचे स्पीकर बंद पडतात. म्हणजे एक तर बाबांनी एकट्याने नीट ऐकावे, किंवा सर्वांबरोबर बसून अर्धवट ऐकावे. दोन्ही एकत्र करण्याची वाट यंत्रात नाही. उपशीर्षकांचा आधार घ्यावा, तर मराठी चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षके सर्रास मिळतात, मराठी क्वचितच. मराठी न कळणाऱ्याची सोय आपण केली आहे. मराठी वाचता येणाऱ्या, पण ऐकू न येणाऱ्या मराठी माणसाची केलेली नाही. हा दोष यंत्राचा नाही, आपला आहे.

आता सबवूफरविषयी. ३० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी अकरा मीटरहून अधिक असते. एवढ्या लांब लहरींना घरातली भिंत फारशी अडवत नाही. वरचे सूर भिंतीशी थांबतात, खालचे पलीकडे जातात. त्यामुळे शेजाऱ्यांना चित्रपट ऐकू येत नाही, फक्त त्यातले स्फोट ऐकू येतात. दुसऱ्या एखाद्या गावात ही नुसती कटकट ठरली असती. पण नाचणगावला लागूनच पुलगाव आहे आणि पुलगावात लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागून स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात पुन्हा स्फोट होऊन सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. एका युद्धपटाच्या वेळी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुठून आला आवाज?" एवढेच त्यांनी विचारले. टीव्हीतला आहे म्हटल्यावर त्या हसल्या, पण लगेच परत गेल्या नाहीत. थोडा वेळ अंगणात उभ्या राहून पुलगावच्या दिशेने पाहत राहिल्या. ज्या थरथरीसाठी शहरातला रसिक पैसे मोजतो, तिचा अर्थ इथे निराळा आहे. सबवूफरची पातळी आम्ही तेव्हापासून बरीच खाली ठेवली आहे आणि रात्री खोल आवाज दाबणारी सोय चालू असते. समीक्षकांच्या मते हा उपकरणाचा अपमान ठरेल. ठरो बापडा.

आपल्या काव्यशास्त्राने ऐकणाऱ्याला 'सहृदय' म्हटले आणि रसाची निष्पत्ती त्याच्या ठिकाणी मानली. माहितीपुस्तिकेतही ऐकणाऱ्याला स्थान आहे, पण ते निव्वळ जागेपुरते. मायक्रोफोन जिथे ठेवायचा त्या ठिकाणाला ती 'मुख्य श्रोत्याची जागा' म्हणते. यंत्र त्या जागेपर्यंतचे अंतर इंचांत मोजते. तिथे कुणाचे कान आहेत, आणि भिंतीपलीकडे कुणाची कोणती आठवण आहे, हे मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. तशी अपेक्षाही नाही. ते काम घरातल्यांचे आहे.

म्हणून कुणी विचारले तर मी सांगतो, रिसीव्हर अवश्य घ्या. वॉट पाहू नका. मधली वाहिनी वेगळी उचलता येते का, ते पाहा, आणि मधला स्पीकर चांगला घ्या. मागचे दोन नंतर घेतले तरी चालतील. आमच्याकडे मुख्य श्रोत्याची जागा म्हणजे खिडकीजवळची वेताची खुर्ची. सोफ्याच्या मानाने ती एका बाजूला असल्याने बाकीच्यांना आवाज किंचित डावीकडे झुकलेला वाटतो. मुलीने एकदा तशी तक्रार केली. मग कळले, हल्ली ती त्या खुर्चीशेजारी खाली बसून चित्रपट पाहते.