डिझायनर निवडताय? आधी त्याचे प्रश्न ऐका

घराचं काम काढायचं ठरलं, की आपण सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो बघायला लागतो. पांढरं शुभ्र किचन, छतातले दिवे, झुळझुळीत पडदे. ज्याचे फोटो आवडतात त्यालाच फोन लावला जातो. पण फोटोवरून फक्त त्याची आवड कळते, तुमचं घर त्याला कळेल की नाही, हे कळत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत तो काय दाखवतो यापेक्षा काय विचारतो, याकडे लक्ष द्या.

माझ्या नणंदेला पुण्यातल्या जुन्या इमारतीतला तिचा फ्लॅट नव्याने करून घ्यायचा होता. किचन आणि हॉलमधली भिंत पाडायची, हे घरात ठरूनच गेलं होतं. तिघांना बोलावलं तेव्हा मीही तिथे होते. पहिल्या दोघांनी लगेच होकार दिला आणि लॅमिनेटचे नमुने टेबलावर पसरले. तिसरीने भिंतीची जाडी मोजली, इमारत कोणत्या साली बांधली ते विचारलं आणि म्हणाली, ‘‘आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवू, मग बोलू.’’ इंजिनिअरने पाहिलं, तर वरच्या मजल्याचा भार त्याच नऊ इंची भिंतीवर होता. भिंत राहिली. नणंद दोन दिवस हिरमुसली, पण काम मात्र तिसरीलाच दिलं.

आपली इमारत नवी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आजकाल अनेक टॉवरमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. भिंतीला हात लावायचा असेल, तर इंजिनिअरचा लेखी सल्ला आणि सोसायटीची परवानगी हवीच.

कोणत्या कामाला कोण, हेही आधी ठरवा. नवं घर बांधायचं किंवा मजला चढवायचा असेल तर आर्किटेक्ट हवा, आणि भार पेलणाऱ्या भागांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आतली मांडणी, फर्निचर आणि दिवे यांसाठी इंटिरिअर डिझायनर. फक्त फरशी आणि रंग बदलायचा असेल, तर चांगला कॉन्ट्रॅक्टरही पुरेसा असतो.

१९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. इंटिरिअर डिझायनरसाठी मात्र अशी सक्तीची नोंदणी नाही. काही महिन्यांचा कोर्स केलेलाही डिझायनर आणि चार वर्षांची पदवी घेतलेलाही डिझायनरच. म्हणून त्याने केलेलं एखादं घर प्रत्यक्ष पाहा, तेही दोन-तीन पावसाळे झालेलं. तिथल्या गृहिणीला विचारा, ड्रॉवर अजून नीट सरकतात का? बिघाड झाला तेव्हा फोन उचलला का?

आणखी एक गोष्ट बघा. बोलणं फक्त घरातल्या पुरुषांशीच चाललंय का? ओट्यापाशी जी उभी राहते, तिला त्याने काही विचारलं का? ओटा साधारण तिच्या कोपराच्या चार इंच खाली असला, तर कंबर आणि खांदे दुखत नाहीत. नणंदेच्या डिझायनरने तिच्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना विचारलं, ‘‘आजी, रात्री किती वेळा उठता?’’ त्या एका प्रश्नातून बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि भिंतीला धरायचा दांडा आला, दारही बाहेर उघडणारं झालं. आत कुणी पडलं, तर दार अडकायला नको.

माणूस पसंत पडला, की सगळं कागदावर घ्या. फी ठरावीक रकमेत, चौरस फुटावर की खर्चाच्या टक्केवारीत? टक्केवारी असेल तर खर्च वाढला की फीसुद्धा वाढते, म्हणून वाढीव कामाचं आधीच बोलून ठेवा. दुकानदाराकडून त्याला कमिशन मिळतं का, हे सरळ विचारा. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. अंदाजपत्रकात ‘चांगलं प्लायवूड’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. सिंकखालच्या कपाटासाठी ‘आयएस ७१० दर्जाचं, १८ मिलिमीटर’ असं स्पष्ट हवं. विजेच्या आणि नळाच्या लाइनचे नकाशे मागून जपून ठेवा, म्हणजे पुढे भिंतीत खिळा ठोकताना धाकधूक नको. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या आणि बारीकसारीक दुरुस्त्या होईपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवा.

इंदूर असो, बडोदा असो की बेंगळुरू, घरात आपली वर्षानुवर्षांची बचत गेलेली असते. तेव्हा पुढच्या आठवड्यात कुणाला भेटायला बोलावणार असाल, तर त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना हजर ठेवा, आजीलासुद्धा. आणि पहिली दहा मिनिटं त्यालाच प्रश्न विचारू द्या.