कुमशेतच्या कच्च्या वाटेने

गेली चार वर्षे मी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. पत्नीचा स्मृतिभ्रंश हळूहळू वाढत गेला आणि माझा दिवसही तिची औषधे, न्हाणे, जेवण व सायंकाळची तिची अस्वस्थता यांतच बांधला गेला. नोव्हेंबरात माझाच रक्तदाब आवाक्याबाहेर गेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि सहज विचारले, "शेवटची सुटी केव्हा घेतलीत?" मला उत्तर देता आले नाही.

माझ्याबरोबर आलेल्या पुतण्याने मात्र तो प्रश्न मनात धरला. "काका, तुमची बुलेट अजून चालते ना? जानेवारीत चार दिवस भंडारदऱ्याकडे जाऊ. तंबू माझा."

६७व्या वर्षी मोटारसायकलवर मुक्कामाला निघणे हा वेडेपणाच, असे शेजारच्यांचे मत पडले. मला भीती होती ती घराची. मेहुणी चार दिवस राहायला तयार झाली, तरी आम्ही घाई केली नाही. आधी तिने एक दुपार एकटीने सांभाळली, मग एक रात्र. एका वहीत मी सगळे लिहून दिले: कोणती गोळी केव्हा, चहा किती कोमट, रात्री न्हाणीघराचा दिवा चालूच ठेवायचा, सायंकाळी ती "घरी जायचंय" म्हणू लागली की वाद न घालता तिच्या पुढ्यात शेंगा सोलायला ठेवायच्या. वही लिहिताना जाणवले की यांतले बरेचसे फक्त माझ्याच डोक्यात होते. मीच आजारी पडलो असतो, तर?

माझी हृदयाची तपासणी झाली, परवानगी मिळाली. गोळ्यांचे दोन संच केले, एक अंगावरच्या खिशात व एक गाडीच्या थैलीत, म्हणजे एक हरवला तरी अडायला नको.

नाशिकहून घोटीमार्गे निघालो. बारी गावाशी कळसूबाईचे शिखर अगदी जवळ येते. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर उंचीचे. तरुणपणी मी ते दोनदा चढलो होतो. या वेळी खालूनच नमस्कार केला. शेंडीजवळ प्रवरेवरचे भंडारदरा धरण लागते. ते १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या काठाने एक रस्ता रतनवाडीकडे जातो. तिथले अमृतेश्वराचे काळ्या पाषाणातील देऊळ पाहून, एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रिकाम्या भातखाचरात तंबू ठोकला. हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. इथे मनाला येईल तिथे गाडी घालता येत नाही, आणि घालूही नये. गावोगाव जोडणाऱ्या कच्च्या वाटा आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या आम्हांला पुरेशा होत्या.

तंबूतली पहिली रात्र कठीण गेली. थंडी होती, पाठीखालची चटई पातळ होती आणि रात्रीतून दोनदा उठावे लागले. झोपेतून एकदम उभे राहिले की मला भोवळ येते. म्हणून आधी बसून राहायचे, पायांची बोटे हलवायची, मग विजेरी घेऊन उठायचे, हा घरचा नियम तिथेही पाळला. पुतण्या झोपेतच विचारी, "काका, ठीक ना?"

कच्च्या वाटेवर गाडी चालवणे ही निराळी विद्या आहे. चाकातली हवा थोडी कमी करायची, खडबडीत जागी पायांवर भार देऊन किंचित उभे राहायचे, गुडघे सैल ठेवायचे. हँडल घट्ट आवळले की तासाभरात बोटे बधिर होतात. आम्ही पाऊण तासाने थांबत होतो. तहान नसली तरी मी पाणी पीत होतो, कारण या वयात तहान उशिरा कळते आणि थंडीत तर कळतच नाही.

तिसऱ्या दिवशी राजूर सोडून अंबितमार्गे कुमशेतकडे निघालो. एका मुरमाड उतारावर मी पुढचा ब्रेक जोरात दाबला. सैल मुरमावर हे करू नये हे ठाऊक असूनही हाताने जुनी सवय दाखवली. चाक घसरले आणि गाडी आडवी झाली. वेग पायी चालण्याइतकाच होता. हेल्मेट, गुडघ्यांची कवचे आणि उंच बूट अंगावर होते, त्यामुळे खरचटण्यावर निभावले. इंजिन बंद केले, पेट्रोलचा कॉक फिरवला. पुतण्या वळणापलीकडे गेला होता.

थांबायला हवे होते. मी मात्र वाकून ती पावणेदोनशे किलोंची गाडी एकट्याने उचलायला गेलो. कमरेत कळ आली. मग आठवले, पत्नीला पलंगावरून उठवताना फिजिओथेरपिस्टने काय शिकवले होते: पाठ ताठ, गुडघे वाकवलेले, जोर मांड्यांचा. गाडीकडे पाठ करून, खाली बसून, पायांच्या जोरावर रेटले. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. पुन्हा रेटले, पुन्हा बसली.

गुरे राखणारा एक माणूस कधीपासून बांधावरून पाहत होता. तो सावकाश उतरून आला. "बाबा, एकट्यानं न्हाई व्हायचं ते. थांबा जरा." एक बाजू त्याने धरली, एक मी. गाडी उभी राहिली. तो हात झटकून गुरांमागे निघूनही गेला. मी बराच वेळ धापा टाकत दगडावर बसलो होतो. सकाळच्या कामाला बाई ठेवू या, असे मुलगी दोन वर्षे विनवत होती आणि मी दोन वर्षे नकार देत होतो.

कुमशेतला मोबाइलला रेंज नव्हती. एका घराच्या अंगणात तंबू लावला. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कोरा चहा मिळाला. अंधार पडला तसा जीव खालीवर होऊ लागला. आता ती "घरी जायचंय" म्हणत असेल. पुतण्या म्हणाला, "वही आहे ना काका मावशीकडे." त्या रात्री मी सलग सहा तास झोपलो.

परतताना राजूरजवळ फोन वाजला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, काल थोडा वेळ दाराशी उभी होती. मग दोघींनी शेंगा सोलल्या, झोपली." थोडे थांबून म्हणाली, "पुन्हा जायचं असेल तर आधी कळवा, एवढंच."

घरी पोहोचलो. पत्नीने माझ्या जाकिटाचा वास घेतला आणि विचारले, "शेकोटी केली होती?" मी हो म्हणालो. कुणाबरोबर, कुठे, हे तिने विचारले नाही.

फेब्रुवारीपासून सकाळचे तीन तास एक बाई येऊ लागल्या. पहिला आठवडाभर मी त्यांच्या मागे मागे फिरत होतो. हल्ली त्या वेळात खाली जाऊन गाडीच्या साखळीला तेल घालतो.