आधी तुकडा तपासा

सीए-१२५ नावाच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण ३५ च्या आत असावा लागतो. माझा सहाशेच्या पुढे गेला होता. सोबतच्या सीटी स्कॅनच्या कागदावर लिहिलं होतं की पोटात पाणी झालंय, उजव्या बीजकोशापाशी गाठ आहे आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा जाड झालाय. तालुक्याच्या डॉक्टरांनी ह्यांना केबिनमध्ये एकट्याला बोलावून सांगितलं, बीजकोशाचा कॅन्सर आहे, तिसऱ्या टप्प्याचा. गर्भपिशवी आणि दोन्ही बीजकोश काढायचे, मग केमो. ऑपरेशनची तारीखही ठरवून दिली.

मला मात्र कुणी काही बोललं नाही. आजार बाईचा, आणि ती सोडून घरभर सगळ्यांना ठाऊक, ही आपल्याकडची रीत मला आजही पटत नाही. सासूबाई माझं ताट वाढून समोर बसल्या आणि एकदम रडायला लागल्या, तेव्हा मी ह्यांना दम देऊन खरं काय ते विचारलं.

कॅन्सर म्हटल्यावर सगळं जुळतही होतं. पोट फुगत चाललं होतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटायचं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पण संध्याकाळी अंगात कणकण असायची आणि रात्री घामाने ब्लाऊज भिजायचा, याबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं. खोकला तर अजिबात नव्हता.

माझी भाची पुण्यात पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे. फोनवर तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मावशी, तुकडा तपासलाय का?’ कसला तुकडा, हेच आम्हाला माहीत नव्हतं. ‘मग कॅन्सर आहे असं ठरवलं कुणी? रिपोर्ट घेऊन इकडे ये.’

पुण्याच्या कॅन्सर सर्जन मॅडमनी आधी माझं ऐकून घेतलं. ताप कधी येतो, घरात कुणाला टीबी झाला होता का, पाळीचं काय. माझ्या सासऱ्यांना टीबी झाला होता आणि त्यांची सेवा मीच केली होती. मॅडमनी सुईने पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर होत्या आणि एडीए नावाच्या तपासणीचा आकडा ४० च्या बराच वर होता. हे सगळं टीबीकडे बोट दाखवत होतं. तरी त्या म्हणाल्या, एवढ्यावर मी औषध देणार नाही. कॅन्सर असूनही कधी कधी पाण्यात पेशी सापडत नाहीत, आणि पोटाचा टीबी असला तरी पाण्यात जंतू क्वचितच दिसतात. कल्चरला कित्येक आठवडे जातात. दुर्बीण घालून आत बघायचं आणि तुकडा घ्यायचा, हाच खात्रीचा मार्ग. गाठ नुसती बीजकोशातच असती तर तिला टोचलं नसतं, कारण कॅन्सर असलाच तर तो त्याने पसरायची भीती असते, हेही त्यांनी समजावून सांगितलं. माझ्या पोटात जे काही होतं ते आधीच सगळीकडे पसरलेलं होतं.

नंतर त्यांनी मला आतले फोटो दाखवले. पोटाच्या आतलं अस्तर लालसर आणि त्यावर राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके, जिकडे बघावं तिकडे. आतडी एकमेकांना चिकटलेली. ‘कॅन्सरसुद्धा असाच दिसतो,’ त्या म्हणाल्या, ‘नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता आलं नसतं.’ मी भुलीत असतानाच एक तुकडा खाली लॅबमध्ये गेला. त्यात कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमा आहेत, असं तिथून कळलं आणि मॅडमनी काहीही न काढता पोटावरची छोटी छिद्रं शिवून टाकली. ग्रॅन्युलोमा म्हणजे जंतूंना घेरून बसलेल्या पेशींचे पुंजके. पुढे सविस्तर रिपोर्टमध्ये त्यांच्या मधोमध मेलेला, भुसभुशीत भाग असल्याचं आलं. ती टीबीची खूण.

सीए-१२५ कॅन्सरच्या पेशीच बनवतात असं मला वाटायचं. प्रत्यक्षात पोटाचं अस्तरसुद्धा ते बनवतं. अस्तराला सूज आली की आकडा चढतो, मग ती टीबीने येवो नाहीतर एंडोमेट्रिओसिसने. पाळीच्या दिवसांतही तो थोडा वाढतो. मॅडमनी आणखी एका जंतूबद्दल सांगितलं, ॲक्टिनोमायसिस. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या तांबीबरोबर तो कधी कधी ओटीपोटात शिरतो, दगडासारखी गाठ करतो आणि थेट कॅन्सर वाटतो. त्याला पेनिसिलिन लागू पडतं, फक्त काही महिने नेटाने घ्यावं लागतं.

कॅन्सर नाही म्हटल्यावर घरात पेढे आले. टीबी आहे म्हटल्यावर माझा पेला वेगळा झाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, पोटातला टीबी पेल्यातून कुणाला होत नाही, हे मला सांगून सांगून पटवावं लागलं. कॅन्सरच्या नुसत्या शंकेने माया करणारी माणसं बऱ्या होणाऱ्या आजाराला लांब सारतात, याचं मला फार वाईट वाटलं.

औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाली. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी व्हायची, सकाळी मळमळायचं. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात यायचे, त्यातून अंडी आणि शेंगदाणे आणायचे असं मी ठरवून टाकलं होतं. कोर्स संपल्यावरच्या सोनोग्राफीत ना पाणी होतं ना गाठ, आणि सीए-१२५ पस्तिशीच्या आत आलं होतं.

बायांनो, असा रिपोर्ट हातात आला तर डॉक्टरांना विचारा, पाणी तपासलं का, तुकडा घेता येईल का. विचारायला लाजू नका आणि उत्तर स्वतःच्या कानांनी ऐका. पण माझी गोष्ट वाचून ‘आपलाही टीबीच असेल’ असं धरून घरी बसू नका, अंदाजाने टीबीच्या गोळ्याही सुरू करू नका. बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. तपासणी लवकर करा, आणि पुरती करा.