हिरवी पाटी आणि सुकलेलं अर्थिंग

आमची जुनी तवेरा आणि नवी विजेवरची विंडसर, दोघींचं माहेर एकच: हालोल. बडोद्याहून पावागडच्या वाटेवर जनरल मोटर्सचा जो कारखाना होता, तो २०१७ साली त्यांनी बंद केला आणि पुढे एमजीने घेतला. आता तिथून विजेवरच्या गाड्या निघतात. ‘आपल्याच बाजूची आहे’ म्हणून बायकोनंही होकार दिला. नांदवायची कशी, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

घरी पंधरा अँपिअरचा सॉकेट असला की झालं, असं ऐकलं होतं. सॉकेट होता, एसीसाठी घेतलेला, मोठ्या तीन भोकांचा. गाडीबरोबर आलेली चार्जरची डबी त्याला लावली. लाल दिवा. काढून परत लावली. पुन्हा लाल दिवा. शेवटी मुलीनं बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर निदान केलं, “बाबा, घराला अर्थिंग नाहीये.”

घर बडोद्यातलं, राजमहाल रोडजवळचं, वडिलांनी सत्तरच्या दशकात बांधलेलं. पंखे फिरतात, फ्रीज चालतो, पाण्याच्या पंपानं कधी कुरकुर केली नाही. तिसऱ्या भोकात काही आहे की नाही, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. गाडीनं पहिल्याच रात्री विचारलं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनभाई आले. पिशवीतून त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा बल्ब काढला. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला: बल्ब लख्ख. मग दुसरी वायर तिथून काढून अर्थच्या भोकात घातली, तर बल्बमधली तार नुसती तांबूस झाली. “साहेब, अर्थिंग तो छे, पण सुकाई गयुं छे,” ते शांतपणे म्हणाले. अर्थिंग सुकतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग अंगणात खड्डा. त्यात तांब्याची प्लेट उभी करून भोवती कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर. वर पाइप बसवला आणि त्यातून बादलीभर पाणी ओतलं. मीठ नि ओल असली की जमीन वीज नीट ओढून घेते. कोरडी माती घेत नाही. “उनाळामां पाणी रेडता रहेजो,” एवढी ताकीद देऊन ते गेले. गाडीला हे सगळं का हवं? ती रबरी टायरांवर उभी असते. चार्जिंग चालू असताना पत्र्यात वीज उतरलीच, तर तिला जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर ती दाराला हात लावणाऱ्या माणसातून जाणार. म्हणून चार्जर आधी वाट तपासतो, मगच वीज सोडतो. एवढा मोठा टचस्क्रीन, आवाजी आज्ञा पाळणारी गाडी, आणि तिचं अडलं होतं खडे मिठापाशी! त्या रात्री हिरवा दिवा लागला. ३८ युनिटांची बॅटरी घरच्या सॉकेटवर भरायला सगळी रात्र जाते, पण रात्री आम्हाला तरी कुठे जायचं असतं?

पुढचा घोळ आकड्यांचा. कंपनी एका चार्जमध्ये ३३१ किलोमीटर सांगते, पण ते चाचणीतले. मे महिन्यातल्या दुपारी एसीचं बटण दाबलं की पडद्यावरचे किलोमीटर डोळ्यांदेखत उतरतात. आणि डिझेलवर पोसलेली माझी सगळी अक्कल इथे उलटी पडते. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे मोकळा मिळाला की पूर्वी वाटायचं, चला, ॲव्हरेज सुधारेल. इथे शंभरच्या वेगानं टक्के भराभर जातात, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. उलट जांबुवाच्या पुलापाशी कोंडीत अडकलो, तेव्हा मी धास्तावून आकड्याकडे बघत बसलो होतो आणि तो जेमतेम हलत होता. गाडी उभी असली की मोटर काही घेत नाही; खातो तो एसी.

सल्ले देणारे तर उदंड. विजेवरच्या गाडीची हिरवी नंबरपाटी दिसली की अनोळखी माणूसही थांबतो. सोसायटीतले एक काका बजावतात, “ऐंशी टक्क्यांवर कधी न्यायची नाही, बॅटरी मरते.” माहितीपुस्तिका म्हणते, अधूनमधून पूर्ण शंभर करा. दोघांचंही खरं आहे, पण वेगवेगळ्या बॅटऱ्यांबद्दल. आमची लिथियम-लोह-फॉस्फेटची. तिचा विजेचा दाब भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळजवळ सारखाच, त्यामुळे किती शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरली की हिशेब जुळतो. काकांना हे सांगितलं. पटलं नाही.

बडोदेकरांचा खरा प्रश्न वेगळाच असतो: “पाण्यात काय?” २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी वस्त्यांत शिरली, मगरींसकट, तेव्हापासून इथे गाडीची चौकशी याच प्रश्नापासून सुरू होते. बॅटरीला आयपी ६७ दर्जा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. विश्वामित्री अर्ध्या तासात परत जात नाही. तेव्हा नदी चढू लागली की गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायची, हे आमचं ठरलेलं आहे; तवेराच्या बाबतीतही हेच केलं असतं.

आता ठाण्याला मेहुण्याकडे जायचं चाललं आहे. चारशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे वाटेत दोन थांबे तरी हवेत. फास्ट चार्जरही ऐंशी टक्क्यांपुढे रेंगाळतो, त्यामुळे शंभरचा हट्ट न धरता निघायचं. मी कागदावर भरूच, सुरत, वापी अशी गणितं मांडत बसलो होतो. बायकोनं मुद्दा काढला की सुरतेला थांबलो तर लोचो खाता येईल. सुरत नक्की झालं. वापीचं अजून ठरायचं आहे.