सवलतीचा कागद

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो तेव्हा निदान भाव तरी चारचौघांत पुकारला जातो. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला भरलेल्या ज्या निःशुल्क शिबिरात मी काट्यावर चढलो, तेथे वजन उच्चरवाने पुकारून भाव तेवढा कानात सांगण्यात आला.

वजन १०७ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, मधुमेह नऊ वर्षांचा. ह्या शस्त्रक्रियेविषयीचे गावातील सारे ज्ञान २०१७ साली इजिप्तहून मुंबईस आणलेल्या इमान अहमद ह्या बाईच्या बातम्यांतून आलेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबू धाबीत वारल्यामुळे ‘पोट कापले की माणूस जातो’ एवढाच त्याचा अर्क उरला होता.

शिबिरातील फर्दीवर नावाखालचाच रकाना ‘खर्च कोण करणार’ हा होता. रोगांची चौकशी पाठीमागे. समुपदेशक म्हणविणाऱ्या तरुणास मी तीनदा विचारले, की जठराचा किती भाग काढता आणि पुढे वजन परत वाढले तर काय? ‘काका, ते सर सांगतील, महिनाअखेरपर्यंत नोंदवलं तर सवलत आहे.’ सर काही दिसले नाहीत. चरकाने अतिस्थूलास निंदितांत बसविले खरे, परंतु त्यास महिनाअखेरची मुदत घातली नव्हती!

खुलासा झाला तो एका निवृत्त शल्यविशारदांच्या ओटीवर, अर्ध्या तासात आणि चहासह. स्लीव्ह ह्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा जातो. बायपास ह्या प्रकारात लहानशी पिशवी करून आतड्याचा आरंभीचा भाग वगळतात. दोहोंनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि रक्ततपासण्या जन्मभर. आणि काहींचे वजन पुन्हा वाढते. आपल्याकडे मधुमेह जोडीला असल्यास वजन-उंचीच्या ३२.५ निर्देशांकापासून (बीएमआय), तर २०२२च्या सुधारित आंतरराष्ट्रीय निकषाने आशियाई माणसास २७.५ पासूनच ह्या उपायाचा विचार होतो. माझा जवळजवळ ३८. जाणाऱ्याने किमतीआधी एवढेच विचारावे, की पाच वर्षांनी मला तपासणार कोण.

मग विम्याचा दस्तऐवज उघडला. निर्देशांक ४० वा अधिक असेल तर ठीक. ३५ वा अधिक, पण ४० च्या आत असेल तर उपचार करूनही मधुमेह अनियंत्रित हवा, किंवा हृदयविकारासारखी एखादी गंभीर व्याधी तरी हवी. नऊ वर्षे भाकरी मोजून, पहाटे विंचूर चौफुलीपर्यंत चालून मी साखर आटोक्यात ठेवली, हाच माझा अपराध ठरला.

तो सवलतीचा कागद फाडावयाचा म्हणून बाजूस काढला होता. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत अजून आहे. परवा मी त्यावरची रक्कम पुन्हा वाचली.